मोरीच्या दाराबाहेर

आई, मी पुन्हा कॉलेजात जाते आहे. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आता एम.ए. करायचं, साहित्य आणि मनोविश्लेषण. दोन ठिकाणी प्रवेश मिळतो आहे. एक घरबसल्या, नुसती पुस्तकं आणि परीक्षा. दुसरं पुण्याला. तिथं विद्यार्थ्यालाही दर आठवड्याला विश्लेषकाकडं जावं लागतं. तो मागं बसतो, दिसत नाही, आणि आपण मनात येईल ते बोलायचं. असले चाळे मला जमणार नाहीत. नकार कळवायला परवा तिथल्या बाईंना फोन केला आणि सरळ सांगितलं, "आमच्या घरी स्वप्नं माणसांना सांगत नाहीत. मोरीत जाऊन पाण्याला सांगतात."

त्यांनी शांतपणे विचारलं, "तेव्हा आई कुठं असायच्या?"

"दाराबाहेर. टॉवेल घेऊन," मी म्हणाले, आणि नकार कळवायचा राहूनच गेला.

सकाळ आहे. मी शाळकरी पोर, रडत उठले आहे. तू भाकरी तव्यावर तशीच टाकून मला मोरीत ढकलतेस. नळाला पाणी नाही, म्हणून तांब्या हातात देतेस. "ओत आणि बोल. मोठ्यानं बोल की, पाण्याला कमी ऐकू येतंय." गणिताच्या बाई स्वप्नात छडी घेऊन आल्या, तर दोन दिवसांत तू शाळेत जाऊन आलीस. मी स्वप्नात गच्चीवरून पडले, तर बाबांनी कठड्याला जाळी बसवली. पाण्यात काहीतरी आहे, असं मी समजत होते.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी जेऊरचं स्थळ ठरलं. त्याच आठवड्यात मी पाण्याला सांगितलं, शालू नेसून परीक्षेला गेले तर माझ्या बाकावर कुणीतरी पोळपाट मांडून ठेवला होता. पुढच्या महिन्यात लग्न मोडलं. "त्यांनी नाही म्हटलं," एवढंच तू बोललीस. त्यानंतर मला नाही म्हणायची संधी मी कुणालाच दिली नाही.

पुण्याचा फोन ठेवला आणि अकलूजच्या मावशीला लावला. ती हसलीच. "अगं, तुज्या आईनंच मोडलं की! एकटी जेऊरला गेली, पोरीला अजून शिकायचंय म्हणून सांगून आली. लई बोलले तिला तितं. तुला ठावं न्हाय व्हय?"

नव्हतं ठाऊक. दोन दिवस झाले, हातातलं काम हातातच राहतं आहे. मला कुणी नाकारलंच नव्हतं. आयुष्यभर मी ज्या अपमानापायी ताठ मानेनं वागले, तो तू जेऊरला जाऊन स्वतःवर घेऊन आली होतीस. रागही येतो. सांगायला काय झालं होतं? पण ते सांगितलं असतंस तर दाराबाहेरून ऐकायचीस तेही सांगावं लागलं असतं, आणि मग मी पाण्याशी पुन्हा कधी बोलले नसते.

पुण्याला होकार कळवला आहे. हे पत्र कपाटात राहील, तू गेल्यावर दुसरीकडं कुठं टाकणार? एक सांगते. आज सकाळी मी तांब्या घेऊन मोरीत उभी राहिले. स्वप्न वगैरे काही पडलं नव्हतं. दार मात्र अर्धं उघडं ठेवलं होतं.