बेसिनमध्ये ओतलेलं दूध

ताई,

बाळ आईच्या पोटात कसं वाढतं, ते दाखवणारं पुस्तक तू आमच्या मनवासाठी आणलेलंस. सहा वर्षांच्या पोरीला असलं काय दाखवतेस म्हणत मी ते तुझ्याच पिशवीत परत कोंबलं. तिला मी सांगितलेलं, शहाण्या मुलांच्याच घरी देव बाळ पाठवतो. दूध पाजायला तेच कामी यायचं.

गेल्या आठवड्यात आमचं होणारं बाळ भावनाच्या पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं. काल मनवा देव्हाऱ्यासमोर कान धरून उठाबशा काढत होती. म्हणाली, "पप्पा, मी एकदा दूध बेसिनमध्ये ओतलेलं. आता रोज पिईन."

मला तिला खरं सांगताच येईना.

ते पुस्तक शहाडला तुझ्याकडेच आहे ना? विचारायलाही तोंड नाही.

तुझा विनू