उत्तरेचं जंगल कोरं ठेवण्याबाबत

मी, राजरत्न बबन गमरे, वय चोवीस, राहणार अंबरनाथ पश्चिम, सध्या मुक्काम दोहा, कामगार कॅम्प, काम परांच्या बांधणे. माझं डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही आणि हात पिरगळून कोणी लिहून घेत नाही. परांचीवर चढणाऱ्याने मागचं मार्गी लावलेलं बरं. त्यात काल जितेशचा फोन आला, म्हणून आजच लिहितो. शाळा आठवीत सुटली आहे, चुका पोटात घालाव्यात.

१. घर आईचं आहे, तिचंच राहील. माझे नट आवळायचे पाने आणि कमरेचा पट्टा मामेभाऊ सम्यकला. बूट देऊ नयेत. आधीचे कुठे गेले ते त्यालाच विचारावं.

२. आता मुख्य मिळकत, म्हणजे आमचा खेळ. उल्हासनगरच्या रद्दीवाल्या सेठकडे एक परदेशी जाडजूड पुस्तक मिळालं. "साईं, चित्रं बघ, पैसा वसूल," सेठ म्हणाला. मी चित्रंच बघितली आणि तसं एक जग रचलं. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातले शूर वीर व्हायचं. वार लागला का चुकला, ते डब्यातून हाऊजीचा आकडा काढून ठरवायचं.

जितेश माझा जिगरी, पालेगावचा, बी.ए. त्याने ते पुस्तक अख्खं वाचलं आणि तिथे घात झाला. कुठल्या राजाचा आजा कशाने मेला, मिठावर जकात किती, सगळं आमच्या जगालाही पाहिजे म्हणाला. त्याच्या घरी बिल्डर आल्यापासून चहाबरोबर सातबारा निघतो. त्यामुळे खेळात राक्षसाच्या टेकडीवर माझी बहीण भावना तलवार उपसून उभी, आणि हा म्हणतो, "थांब. टेकडी सामाईक आहे. राक्षसाच्या चुलतभावांची संमती लागेल. आत्याचं हक्कसोडपत्र बाकी आहे."

भावना म्हणाली, "जितूदादा, राक्षस मारायचाय का मोजणी आणायचीय?"

सम्यक तोवर घोरत होता. पुढच्या रविवारी तो क्रिकेटला गेला.

जितेशचं म्हणणं, जग खरं वाटायला पाहिजे. कबूल. त्याने लिहिलेला बंदरावरचा सुकट बाजार मला इथे वाळवंटात नाकाला येतो. पण अंबरनाथला उतरलेला माणूस शिवमंदिराचा इतिहास पाठ करून उतरतो काय? आधी रिक्षा शोधतो.

३. म्हणून बंदर, बाजार, सगळे राजे जिवंत आणि मेलेले, तसंच राक्षस व त्याचे चुलतभाऊ, बोजासह, जितेशला. त्याने खुशाल लिहावं.

४. नकाशात उत्तरेला मी जंगल कोरं सोडलं आहे. जितेश फोनवर म्हणाला, "राज्या, तू येईपर्यंत तेपण भरून टाकतो. गावं, वंशावळी, सगळं." मागून भावना ओरडली, "दादा, याने जंगल लिहिलं तर मी उठले!" ती उठली की खेळायला राहतं कोण? जितेश एकटा, त्याच्या राजांबरोबर. ते जंगल मी भावनाला देतो. अट एकच : कोणी पाऊल टाकल्याशिवाय तिथे एक झाडही लिहू नये. जितेशलाही आत यायची परवानगी आहे, पेन बाहेर ठेवून.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं, एकाला मराठी येत नाही म्हणून हिंदीत. साताऱ्याच्या रघुने ऐकत ऐकत सही ठोकली. ओडिशाचा जयदेव पेन हातात धरून अडला.

"जंगल में है क्या?"

"पता नहीं."

"किसी को नहीं पता?"

"किसी को नहीं."

त्याने पेन खाली ठेवलं आणि खाट माझ्या खाटेला आणून लावली. "चल, मैं जाता हूँ. साथ में कुत्ता ले सकता हूँ?"

लिहून देणार : राजरत्न बबन गमरे (सही)
साक्षीदार १ : रघु (सही)
साक्षीदार २ : जयदेव (सही बाकी. कुत्र्यासह जंगलात आहे.)

ठिकाण : दोहा
शुक्रवार, १६ फेब्रुवारी २००७