जुन्या नमुन्यातली टाकी

अमरावती,
सोमवार, संध्याकाळ

ती. श्रावणमामांना,
भाचा संघपाल याचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे सगळे धड आहोत. म्हणजे आई धड आहे, मंजुषा धड आहे आणि मी हे पत्र लिहीपर्यंत तरी धड आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींची साखर आटोक्यात आहे ना? अकोल्याचं ऊन यंदा माणसाला उभं जाळतंय असं ऐकलं, तेव्हा भर दुपारी गच्चीवर पाणी मारायला जात जाऊ नका. आणि तुमचा घसा कसा आहे? अमोलच्या लग्नात माइक बंद पडल्यावर तुम्ही नुसत्या आवाजावर सगळी वऱ्हाडी मंडळी पंगतीला बसवलीत, तेव्हापासून तो जरा धरलाय असं कानावर आलं. (मोठ्या संपात तुम्ही घोषणा द्यायला लागलात की याच घशाला भिऊन साहेब खिडक्या लावून घ्यायचे, हे आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.) फोन केला नाही म्हणून रागावू नका. हल्ली मला फोनची भीती वाटते. आमचे फोन कुणीतरी ऐकतं, असं आमच्या ऑफिसातला देवीदास म्हणतो. आम्ही समोर उभं राहून ओरडलो तरी कुणी ऐकत नाही, तर फोनवर कोण कशाला ऐकेल, हे मला कळतं. माझ्या पोटाला कळत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी सरकारी नोकरीत होतो. (आई सरकारी म्हणते, सरकार कंत्राटी म्हणतं.) अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने, असं करत कानशिलं पांढरी झाली. खंडाच्या दिवशीसुद्धा मी ऑफिसात जाऊन बसायचो, न जाणो घरी बसलेला पाहून उद्यापासून घरीच बसवतील. यंदा मार्च संपला आणि खंड काही संपेना. बाबू, ऑपरेटर, ड्रायव्हर, शिपाई, चौकीदार मिळून आम्ही तेहतीस जण, सगळ्यांच्या मोबाइलवर दोन ओळींचा एकच मेसेज आला. शेवटी ‘धन्यवाद’ होतं. आईला सांगायची छाती झाली नाही, म्हणून रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि बगिच्यात जाऊन बसायचो. पलीकडच्या बाकावर एक दिवस आमचा ड्रायव्हर जीवन बसलेला दिसला, त्याच्याही मांडीवर डबा. दोन दिवस आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मला वांग्याची भाजी दिली, मी त्याला झुणका दिला, आणि आमची संघटना म्हणून जी काय आहे ती त्या बाकावर सुरू झाली.

जीवनचं दुखणं असं की त्याचं लग्न शेंदूरजनाघाटला ठरलं होतं. संत्र्याची बाग असलेली माणसं, एकुलती एक मुलगी, आणि मुलगा ‘सरकारी’ म्हणून होकार आलेला. नोकरी गेल्याचं त्याने त्यांना सांगितलं नव्हतं. आमच्या शिपाई भावनाताई (नवरा नाही, दोन मुली शिकताहेत) दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जाऊ लागल्या, आणि तिथून येताना चौकीदाराच्या घरी पोळ्या देऊन यायच्या, कारण त्याची बायको बाळंतीण होती. हे सगळं बघून मला रात्री झोप येईना. पण मामा, झोप न येणारा माणूस पुढारी होत नसतो. मी पुढारी झालो तो खुर्चीमुळे.

आमची पहिली सभा विहारासमोरच्या मोकळ्या जागेत होती. मी पोलिसांच्या भीतीने दोनदा गल्लीवरून पुढे निघून गेलो, त्यामुळे पोचायला उशीर झाला. सतरंजी भरली होती, समोर एकच प्लॅस्टिकची खुर्ची रिकामी. ती एका पुढाऱ्यासाठी ठेवलेली, आणि तो काही येत नव्हता. मला वाटलं, मागे उभं राहिलो तर लांबूनही दिसेन, म्हणून पटकन बसलो. भावनाताईंच्या हातात हार सुकत चालला होता. त्या म्हणाल्या, “हार वाया जाईन बाप्पा, कोनाच्या तरी गयात पडू द्या!” आणि माझ्या गळ्यात घातला. टाळ्या झाल्या. टाळ्या झाल्यावर खुर्चीतून उठायचं कसं हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

तरी अध्यक्षपण निभलं असतं, पण निवेदन लिहायला घेतलं देवीदासने. देवीदास आवक-जावकचा बाबू. नमुना समोर नसेल तर तो बायकोलासुद्धा चिठ्ठी लिहायचा नाही. त्याने कुठल्या तरी दुसऱ्या संघटनेचं जुनं निवेदन शोधून काढलं, नावं बदलली, तारखा बदलल्या आणि सह्यांना फिरवलं. सरकारी ऑफिसात कागद वाचून सही करणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं, तेव्हा कुणीच वाचलं नाही, आणि अध्यक्ष म्हणून पहिली सही माझी. पोच मिळाली, शिक्का बसला. शेवटचा परिच्छेद मी वाचला तो पेपरात: ‘अन्यथा संघटनेचे अध्यक्ष संघपाल तायडे हे मंगळवारी पाण्याच्या टाकीवर चढतील व लेखी आदेश हाती पडेपर्यंत खाली उतरणार नाहीत.’ मी तसाच अनवाणी देवीदासकडे पळालो. तो शांतपणे म्हणाला, “नमुन्यात होतं ना भाऊ. नमुन्यातलं काढलं का मंग प्रकरण वापस येते.” मी म्हटलं, शुद्धिपत्रक काढ. तर शुद्धिपत्रकाचा नमुना त्याच्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी एक हवालदार घरी आला. मी दाराआड सरकलो. पण माणूस मोठा अदबीचा. पाणी प्याला आणि म्हणाला, “भाऊ, टाकी कोनती धरली? अलीकडची आमच्या ठान्यात येते. पलीकडची धरा ना, थे उंच बी आहे अन् तिथं सावली बी चांगली.” आईने त्याला चहा केला आणि अभिमानाने सांगितलं की पोराने मामाच्या पावलावर पाऊल टाकलं आहे.

मामा, तुम्हाला तरी माहीत आहे मी कुणाच्या पावलावर पाऊल टाकलं आहे ते. लहानपणी मी चिंचेवर चढून बसलो तेव्हा खाली उतरवायला तुम्हीच आला होतात, आणि ती चिंच तुमच्या खांद्याइतकी होती. लग्नानंतर चिखलदऱ्याला गेलो, तेव्हा मंजुषा कठड्याशी उभी राहून दरी बघत होती आणि मी मागे कणीसवाल्याच्या गाडीचं चाक धरून उभा होतो. (फोटोत ती एकटीच आहे. जावई कुठे होते, असं तिच्या माहेरी अजून विचारतात.) टाकीचा जिना मी आज लांबून पाहिला. उभी लोखंडी शिडी आहे, आणि ती वर जाता जाता बारीक होत जाते. पण खरं सांगू? टाकीपेक्षाही मला बुधवारची भीती वाटते. चढलो नाही तर बुधवारी भावनाताई माझ्याकडे कशा बघतील? आणि चढूनही काही झालं नाही, तर बुधवारी जीवन कुठल्या तोंडाने घराबाहेर पडेल? या सगळ्यांनी आपापली भीती माझ्याकडे सांभाळायला दिली आहे, आणि माझी ठेवायला मला जागा नाही.

म्हणून मी ठरवलं आहे की पळून यायचं. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने अकोल्याला येतो. पिशवी भरली आहे. मागच्या खोलीत अंथरूण घाला, मामींना म्हणावं माझ्यासाठी वेगळं काही करू नका, वरण-भात पुरे. हे पत्र मीच तुमच्या हातात देणार आहे, कारण तोंडाने हे सांगायची मला लाज वाटेल. वाचून झाल्यावर शिव्या द्या, पण दार लावून द्या.

तुमचा भित्रा भाचा,
संघपाल

ता. क. (मंगळवार, दुपार) : मामा, अंथरूण घालू नका. मी टाकीवर आहे. सकाळी पिशवी घेऊन गुपचूप निघालो, तर गल्लीच्या तोंडाशीच भावनाताई, देवीदास आणि जीवन उभे. पिशवी पाहून भावनाताई ओरडल्या, “पाहा, मी म्हनत होती ना! संघपालभाऊ सामान घेऊनच निघतीन!” पिशवीत पांघरूण, लुंगी, ब्रश आणि पित्ताच्या गोळ्या. पळून जाणाऱ्याचं आणि टाकीवर राहायला जाणाऱ्याचं सामान अगदी एकच असतं, हे मला आज कळलं. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात जीवनने माझा हात धरला. म्हणाला, “भाऊ, तुमी चढून राहिले म्हनून काल मले बी हिंमत आली. शेंदूरजनाले फोन करून खरं सांगून टाकलं. सासरे म्हनले, मंगयवारी काय होते थे पाहू, मंग बोलू.” मी तोंड मिटलं. मग डफडं वाजलं. शिडीवर मी डोळे मिटून होतो आणि जीवन खालून माझा एकेक पाय धरून पायरीवर ठेवत होता. मला पोचवून तो खाली गेला. इथे वारा फार आहे, म्हणून अक्षर हलतंय. (वारा नसता तरी हललं असतं.) मी टाकीच्या अगदी मधोमध बसलो आहे. ही टाकीही कंत्राटदाराकडूनच बांधून घेतली असणार, हा विचार मी मनात येऊ देत नाही.

ता. क. दुसरं (संध्याकाळ) : आदेश आला! साहेब स्वतः गाडीतून आले. देवीदासने माइकवर वाचून दाखवलं: सर्वांना पुन्हा अकरा महिने. खाली नाच सुरू झाला. मीही बसल्या जागी रडलो. पण शेवटचा परिच्छेद वाचताना देवीदासचा आवाज अडखळला: ‘अध्यक्ष यांना मात्र शिस्तभंगाच्या कारणास्तव वगळण्यात येत आहे.’ मामा, हा नमुना त्यानेच कधीकाळी साहेबांना करून दिला होता. डफडं थांबलं. ‘घ्या, मान्य करा, जीवनचं लग्न होऊ द्या,’ असं मी वरून ओरडलो, अगदी मनापासून ओरडलो, पण वाऱ्यात माझा आवाज दुसऱ्या पायरीपर्यंतही गेला नाही. मी खाली बघितलं. (हो, बघितलं.) भावनाताईंनी आदेशाची घडी करून साहेबांच्या हातात परत दिली, पदर खोचला आणि शिडीला हात घातला.

ता. क. शेवटचं : सगळेच्या सगळे वर आले आहेत. देवीदास चढताना नमुना शोधत असावा, फार वेळ लागला. चौकीदाराने बाळाचं टोपडं खिशात आणलं आहे. जीवनने वरूनच शेंदूरजनाला फोन लावला. सासरे म्हणाले, असा गोतावळा असलेला जावई नोकरीवाल्यापेक्षा बरा, पण आधी खाली या. भीती मला अजून वाटतेच आहे, मामा, मघापेक्षा जास्त वाटते, कारण टाकीवर आता तेहतीस माणसांचं ओझं आहे. पण दोन्ही बाजूंनी माझा हात कुणीतरी धरला आहे. हे पत्र वर आणलेल्या चहाच्या रिकाम्या किटलीत घालून दोरीने खाली सोडतो. साहेब सोडले तर खाली फक्त तो हवालदार उरला आहे. तो अकोल्याचाच निघाला, रोज अपडाउन करतो, आज घरी जाताना तुमच्याकडे देईल. घोषणा द्यायला त्याची ना नाही, पण अंगावर वर्दी आहे म्हणतो. साहेब काचा वर करून गाडीत बसलेत, आणि आम्ही सगळे वर असल्यामुळे खालून झिंदाबाद म्हणायला कुणीच नाही. तेव्हा पत्राच्या सुरुवातीला विचारलं होतं ते पुन्हा विचारतो, आणि अकोल्याहून येणाऱ्या सकाळच्या पहिल्या गाडीची वाट बघतो: तुमचा घसा कसा आहे?