भेदऱ्याचं बी

माय, तुझ्या ठेंगण्या भेदऱ्याला आज सकाळी माझ्या दारात फूल आलं. बाजारातल्याला टमाटा म्हणायचं आणि आपल्या परसातल्याला भेदरं, असा तुझा कायदा होता. झाड गुडघ्याच्या वर जायचं नाही, काठी नको की सुतळी नको, आणि फळं मात्र बुडापासून लगडलेली. तुझ्या आईकडून आलेलं ते बी. दरसाल सगळ्यात चांगल्या झाडाला तू जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचीस; त्याचं फळ कुणी तोडायचं नाही. मी एकदा तोडलं तर हातावर चापट बसली होती, ती अजून आठवते. फळ पार मऊ झालं की त्याचा गर गाडग्यात दोन दिवस आंबवायचा, बी धुऊन राखेत कालवायचं आणि स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला थापायचं. वाळल्यावर भाकरीएवढा करडा डाग दिसायचा. मला त्या डागाची लाज वाटायची.

मला बघायला पाहुणे येणार होते तो दिवस. तू विहिरीवर गेली आहेस, मी खुरपं घेऊन भिंतीपुढे उभी आहे. त्या राखेत काय आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. तरी खरवडते, उकिरड्यावर टाकते, वर पोतेरं फिरवते. तू परत येतेस, डोक्यावरची घागर न उतरवताच विचारतेस, "काहून गं, भिंतीवरलं बी कुठं गेलं?" मी म्हणते, "कोंबड्यांनी टोचलं." एवढ्या उंच कोंबड्या कशा पोचल्या, हे तू विचारलं नाहीस. पुढचे आठ दिवस मात्र कोंबड्या डालून ठेवल्यास आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलीस, "लई सोकावल्यात." पाहुण्यांनी ओट्यावरच चहा घेतला, भिंत पाहिलीसुद्धा नाही. सोयरीकही जमली नाही.

त्यानंतर आपल्या परसात ते भेदरं उगवलं नाही. पुढे लग्न होऊन मी हिंगोलीत आले. दुकानातून ठेंगण्या टमाट्याची पुडी आणून लावली. पहिल्या साली झकास. त्याचं बी धरलं तर दुसऱ्या साली एक झाड उंच, एक खुजं, फळं तिसरीच. तू आलीस, बघितलंस आणि एवढंच म्हणालीस, "ह्याचं बी टिकत न्हाई, बाई." तेव्हा सांगता आलं असतं. तू चार दिवस राहिलीस, चारही दिवस मी तोंडाशी आलेलं गिळलं. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीसच.

यंदा संक्रांतीला शिरड शहापूरला मावशीकडे गेले, तर तिच्या न्हाणीमागे तीच झाडं. एकाला चिंधी बांधलेली. मी वाकून ती चिंधी चाचपली. मावशी म्हणाली, "तुज्या मायनं उकिरड्यातून येचून आनलं व्हतं. मूठभर राख अन् तिच्यात धा-बारा दाने. म्हनली, पोरीनं खरवडलं, आता तिला लाज वाटून राहिली. तू लाव, ती मागंल तवा दे." म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं खोटं घरात खरं ठरावं म्हणून तू त्या बिचाऱ्या कोंबड्या आठ दिवस कोंडल्यास. आणि मी कधीतरी मागेन म्हणून वाट बघत राहिलीस. फार वाईट वाटतं गं मला.

मावशीने बी दिलं, ते मृगात टाकलं. सहा रोपं आली, दोन माझ्याच हातून जास्त पाण्याने गेली. आता चिंधी बांधायची, तर तुझं एकही लुगडं मी ठेवलेलं नाही. माझ्याच साडीची फाडली. घराच्या भिंतींना फरश्या आहेत, त्यांवर राख धरत नाही, म्हणून मागच्या कुंपणाच्या भिंतीचा एक कोपरा मातीने लिंपून घेतला आहे. हा कागद पाठवायचा तरी कुठे. बियांच्या डब्यात ठेवीन. एक सांगायचं राहिलं. मावशी ते सगळं बोलली ना, तेव्हाही, माय, माझ्या तोंडून निघालं, "न्हाई मावशी, कोंबड्याच व्हत्या."