बोटांआधीचा सूर

४ जून
आलो बुवा एकदाचे नव्या घरात! मागची खोली हिने मला देऊन टाकली. "दार लावून काय तो कल्ला कर," म्हणाली. जुनी गादी भिंतीला उभी केली, टेबलावर कॉम्प्युटर मांडला. गिटारची वायर एका छोट्या डबीत, डबीची कॉम्प्युटरला. हेडफोन लावून तार छेडली आणि पडद्यावर हिरवी रेघ थरथरली! लहान पोरासारखा ओरडलो. खोट एकच: तार आत्ता छेडावी, तर सूर कानात क्षणभर उशिरा येतो.

५ जून
डबी ज्याच्या दुकानातून घेतली त्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, कॉम्प्युटरला आवाज पचवायला वेळ लागतो, सेटिंगमध्ये तो वेळ कमी करत जा. केला. आता बोट आणि सूर एकदम. ही दारातून ऐकत होती. आज पहिल्यांदाच गाणं ओळखू आलं म्हणाली. बायकोकडून एवढं म्हणजे डोक्यावरून पाणी!

७ जून
काहीतरी गडबड आहे. सूर बोटाच्या आधी येतोय. मित्र हसला. उलटं कसं होईल, जरा झोप काढ म्हणाला.

८ जून
सकाळी गिटारची वायरच काढून टाकली. तरी रेघ हलत होती. ऐकलं. मनात घोळत असलेली माझी चाल, मध्येच एक सूर चुकलेला. अजून वाजवलीच नव्हती मी ती. संध्याकाळी जीव मुठीत धरून, जपून वाजवली. बोट तिथेच घसरलं.

९ जून
आज हेडफोनमध्ये गिटार नव्हतीच. स्टूल कोसळलं, आणि हिची किंकाळी — "अरे, धर मला!"
धावत गेलो. ही निवांत कपड्यांच्या घड्या घालत होती. स्टुलावर चढू नकोस म्हणून हातापाया पडलो. वेड लागलंय का तुला, म्हणाली, पण कबूल झाली.
दुपारी बेल वाजली म्हणून दार उघडायला गेलो. तेवढ्यात ही खिडकीचा पडदा अडकवायला स्टुलावर चढलीच.
शब्द तेच होते.

१० जून
तिचं मनगट मोडलंय. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून विचारत राहिली, झालंय काय तुला? मी उठलो. कॉम्प्युटरचा प्लग उपटून टाकला. उद्या घर सोडायचं.

११ जून, सकाळी
प्लग जमिनीवर तसाच. पडद्यावर रेघ.
हेडफोन लावायचा नव्हता. लावला.
ही रडतेय. कुणाला तरी हलवतेय — "ऊठ ना रे. ए, डोळे उघड ना —"
मलाच.

११ जून, दुपारी
बॅगा दारात. ही रिक्षा बघायला गेलीय. हे तिच्यासाठी लिहितोय — मागच्या खोलीत जाऊ नकोस. काही ऐकू आलं तरी —
मी बाहेरच्या खोलीत आहे. कानाला काही लावलेलं नाही. तरी येतंय. कागदावर पेन घासल्याचा आवाज. माझ्या हाताच्या थोडा पुढे —
थांबला.
पेन पडलं खाली.
पण माझं तर अजून हाता