मनूचं चिरगूट

७ ऑक्टो., मंगळ
दिवाळीची सफाई. दारावर बर्तनवाली. जुन्या साड्यांवर झारा देत होती, मी कढईसाठी अडून बसले. "अम्माजी, एकाध कपड़ा और डालो." गादीवर मनूचं चिरगूट होतं. सुनेच्या ओढणीचा तुकडा, लाळेनं कडक झालेला. तेही टाकलं वर, कढई मिळाली. पाच वर्षांची नात, अजून चिंधी चोखते!
शाळेतून आली, शोधशोध. म्हटलं, "धुवायला दिलंय, येईल."

९ ऑक्टो., गुरु
मनू गॅलरीत बसून असते. इस्त्रीवाला आला की, "भिया, मेरा लाए क्या?" रात्री अंथरूण ओलं. सुनेला खरं सांगितलं. ती ओली चादर बदलत राहिली. ओरडली असती तर बरं.
नव्या ओढणीचा तुकडा कापून दिला. मनूनं हुंगला, परत माझ्या हातात ठेवला.

११ ऑक्टो., शनि
स्नेहलतागंजात मुलांची मानसोपचारवाली. कालची पोर! मी भांडायच्या तयारीनं. या लोकांना तोंडातल्या अंगठ्यातही थिअरी दिसते. तर ती साधंच बोलली. "काकू, आई नजरेआड गेली तरी असते, हे मुलांना हळूहळू उमगतं. तोवर तो तुकडा आईची जागा राखतो. सोडायचा कधी, ते त्यांनी ठरवायचं."
मी: "मी शिकवायचे त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्स असले लाड..."
"तिला काय सांगितलंत?"
मनू समोरच. सगळं सांगितलं, फरशीकडे बघत. खोटं बोलणाऱ्या मुलींना वर्गात उभं करणारी मी.
मनू एवढंच म्हणाली, "कढईसाठी?"

१४ ऑक्टो., मंगळ
बडा गणपतीपाशी ती बर्तनवाली सापडली. "वो गट्ठर तो उसी दिन बिक गया, अम्माजी." मनू माझ्याशी बोलत नाही. डॉक्टरीण फोनवर: रागावू द्या. काही खेळली तर खेळा, सुधारू नका.

१८ ऑक्टो., शनि
आज मनू बर्तनवाली झाली. गिऱ्हाईकही तीच.
"ये आजी पुरानी है, क्या दोगी?"
"चम्मच."
"चलेगा."
मला हाताला धरून बाहेर काढलं, दार लावलं. मी जिन्यात बसले. वरच्या जैनबाई: "क्या हुआ मैडम, चाबी भूल गईं?"
"नहीं, बिक गई हूँ."
त्या हसल्या. मला डोळे पुसावे लागले.
बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. "तुला कुणी नेलं नाही?"
"नाही गं."
"बरं."
आत ये म्हणाली नाही. दार मात्र लावलं नाही. मी आपली आत आले.