गालाला लावलेलं कापड

ती. बाबा,

तुमच्यामागे शिवणकामाचं दुकान मीच चालवते. चार महिने झाले, बोटांना सारख्या मुंग्या येतात. सुई टोचली तरी रक्त दिसल्यावरच कळतं. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल.

तुम्ही शेवटी शेवटी कापड गालाला लावून पारखायचात. गिऱ्हाइकांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "बोटं काय भाड्यानं दिलीत?" असं एकदा मी चारचौघांत बोललेही. तुम्ही नुसते हसलात.

काल मीही कापड गालाला लावलं.

आज डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं असं?"

"वडिलांना."

"कधीपासून?"

बाबा, मी कधी विचारलंच नव्हतं.

तुमची,
तोंडाळ लेक